मार्शलनं राजीनामा दिला तो रविवार

"ए बीए, आता तो काय म्हणाला?"

जमादार इंगवले खुर्चीतून अर्धे उठले होते. पडद्यावर मार्शलनं घोडा थांबवला होता, खाली वाकून वाळू पाहिली होती आणि ओठ न हलवता इंग्रजीत काहीतरी पुटपुटला होता.

"म्हणाला, माग हरवला," मी सांगितलं.

"मंग आता?"

"आता शोधणार."

"हरवलाच कसा?" खिडकीबाहेरून तहसीलदारमामाचा आवाज आला. "त्यांचा शेवटचा घोडा डाव्या पायानं लंगडतोय. तीन खूर खोल, एक उथळ. आंधळ्यानं बोटं फिरवली तरी घावंल. ह्याला पगार कोण देतं?"

"तहसील्या, गप. हजेरीला आलायस तू, कीर्तनाला न्हाई."

पाचच मिनिटांत मार्शलला नेमका तोच लंगडा घोडा सापडला, आणि खिडकीबाहेर आठजण असे खाकरले की जमादारांनी आवाज वाढवायला लोंढे शिपायाला फर्मावलं.

मामाचं नाव खरंच तहसीलदार होतं. तहसीलदार भोसले. आम्हा पारध्यांत तेव्हा पोरांची नावं अशी ठेवत. ज्याची भीती वाटते त्याचं नाव पोराला द्यायचं, म्हणजे त्या हुद्द्याचा निदान एक माणूस तरी आपण हाक मारली की येतो. माझं नाव उत्तरेश्वर, कारण मी जन्मलो तेव्हा घरात सगळ्यांत जास्त भीती देवाची वाटत होती. पुढं अनुभव वाढला.

हे सगळं पंच्याऐंशी सालचं, खैरदरा पोलीस औटपोस्टातलं. गावाला सरकारी टीव्ही मिळाला होता, काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, दोन दारांचा. तो ग्रामपंचायतीत ठेवायचा होता, पण गावातल्या दोन पार्ट्यांना किल्ली कुणाकडं राहावी हे ठरवता येईना. एकदा दगडफेक झाली. शेवटी तो पुरावा म्हणून औटपोस्टात जमा झाला आणि पुरावा चालू स्थितीत आहे की नाही हे जमादार रोज तपासू लागले. दर रविवारी साडेअकरा ते सव्वाबारा एक इंग्रजी मालिका लागायची. नाव काही का असेना, औटपोस्टात तिला 'घोडेवाले' म्हणत. एक मार्शल, त्याचे दोन हाताखालचे, आणि पळणारी एक टोळी. टोळीच्या म्होरक्याचा एक कान तुटलेला, म्हणून तो कटकान्या. घोडे कळायचे, बंदुका कळायच्या, घोडे न पळवता माणसं बोलू लागली की जमादारांची पंचाईत व्हायची.

तिथं मी कामाला आलो. तालुक्याच्या कॉलेजात मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, इंग्रजी घेऊन. आणि रविवारी सकाळी अकराला मला औटपोस्टात हजर राहावंच लागायचं, कारण आमच्या वस्तीतल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाची तिथं हजेरी व्हायची. त्या काळी मतदानाचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे, हजेरीचा अठराव्याच. आम्हाला जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा बावन्न सालीच रद्द झाला होता. ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं होतं. औटपोस्टात वर्तमानपत्र येत नसे.

हजेरीची एक लांबट वही होती, लाल कापडी बांधणीची. तिच्यावर 'किरकोळ' एवढंच लिहिलेलं. आत आमची नावं, तारीख, वेळ आणि आठ अंगठे. नववी माझी सही, इंग्रजीत. ती पाहून लोंढे दरवेळी म्हणायचे, "वळणदार हाय रं!"

सुरुवातीला मी इमानदारीनं सांगायचो. मार्शल म्हणाला तेच मराठीत. आठ आठवडे कटकान्याची माणसं एकेक करून मरत होती आणि प्रत्येक मेल्यावर जमादार खिडकीकडं वळून म्हणायचे, "बघून घ्या रं. शेवट ह्यो असतोय." ते दुष्टपणे म्हणायचे असं नाही. आजोबांनी नातवाला सांगावं तसं म्हणायचे. ते जास्त लागायचं.

एकदा परत जाताना मामानं विचारलं, "भाच्या, चुकून एकदासुद्धा सुटत न्हाईत व्हय ते?"

"नाही मामा. तिकडं तसं लिहिलेलंच असतं."

"लिहिणारा कोण?"

"असेल कुणी."

"त्याला कुणी तरी सांगायला पायजे," मामा म्हणाला आणि बोरीच्या झुडपाकडं वाकून तितराचा माग बघू लागला.

मग तो रविवार आला. कटकान्याच्या टोळीचा शेवटचा भाग होता. मी ठरवून काही केलं नाही, हे मी कोर्टातही सांगितलं आणि ते खरं आहे. मार्शलनं टोळीला एका कोरड्या विहिरीपाशी घेरलं. दोन्हीकडची माणसं दगडांआड. मार्शल ओरडून काहीतरी बोलला. तो म्हणाला होता, 'हात वर करून बाहेर या, नाहीतर एकही जिवंत राहणार नाही.'

"काय म्हणाला?" जमादार.

"म्हणाला, मला कळलंय की बँक तुम्ही लुटली नाही."

खिडकीबाहेर हालचाल थांबली.

"आँ?" जमादारांनी खुर्ची पुढं ओढली. "मंग कुणी लुटली?"

"बँकेच्या मालकानंच. आणि नाव ह्यांच्यावर घातलं, कारण नाव घालायला हे जवळ होते."

"आयला! मला त्या मालकाचा पयल्यापास्नं संशय. मिशा बघ की त्याच्या."

एकदा सुटलं की खोटं उताराला लागलेल्या गाडीसारखं असतं, ढकलावं लागत नाही. पण अडचण अशी की पडद्यावरची माणसं माझं ऐकत नव्हती. पाचव्या मिनिटाला गोळीबार झाला आणि कटकान्यासकट चौघं आडवे पडले.

"अरं, मारलं की!" जमादार किंचाळले. "आन् तू म्हणतोस..."

"नाटक आहे साहेब. मार्शलनंच हळू सांगितलं त्यांना. गाव बघतंय, तुम्ही पडून राहा. मेलात असं वाटलं की कुणी शोधायला येणार नाही."

"हुशार गडी!"

मग पुरायचा प्रसंग आला. चार थडगी, चार क्रूस.

"आता हे?"

"आत दगड आहेत."

"आन् ते चौघं?"

"सीमा ओलांडून गेले. दुसऱ्या देशात."

बाहेरून मामानं विचारलं, "घोडे नेले का?"

"नेले."

"लंगडा?"

"तोही नेला."

एवढ्यात साखर कारखान्याचा बाराचा भोंगा वाजला आणि छपरावर अँटेनाची काठी धरून बसलेल्या लोंढ्यांनी सवयीनं घड्याळ लावलं. पडद्यावर मार्शल थडग्यापाशी टोपी काढून उभा होता. मग तो कचेरीत गेला, छातीवरचा बिल्ला काढला, फडक्यानं पुसला, टेबलाच्या खणात ठेवला आणि दोन वाक्यं बोलला. 'थकलो आज. उद्या लवकर निघायचंय,' असं काहीतरी.

"बिल्ला का काढला रं?" जमादारांचा आवाज उतरला होता.

मी म्हणालो, "राजीनामा दिला साहेब. म्हणाला, ज्या गावात चोरी व्हायच्या आधीच चोर ठरलेला असतो, त्या गावचा मार्शल मला व्हायचं नाही."

मालिका संपून टीव्ही बंद झाला तरी इंगवले पडद्याकडं पाहत बसले. मग डोळ्यांत काहीतरी गेलंय असं त्यांनी खाली उतरलेल्या लोंढ्यांना, कुणी विचारलेलं नसताना, सांगितलं. त्या दिवशी 'बघून घ्या रं' झालं नाही. घरी जाताना आमची आठ माणसं एवढी ताठ चालत होती की समोरून आलेल्या एस. टी.च्या ड्रायव्हरनं वेग कमी केला.

सोमवारी सकाळी वस्तीवर जीप आली.

आदल्या दिवशी दुपारी, कारखान्याच्या एका संचालकाच्या मळ्यातल्या बंगल्यात दरोडा पडला होता. देवघरातली चांदी गेली, रखवालदाराचं डोकं फुटलं. दरोडेखोर चार, तोंडं बांधलेली. रखवालदाराला दोनच गोष्टी नक्की आठवत होत्या. डोक्यात काठी बसली तेव्हा बाराचा भोंगा वाजत होता, आणि चौघांतला एकजण उंच होता. आमच्या वस्तीत मामा उंच होता. तालुक्याचे फौजदार जीपमधून उतरले तेव्हा त्यांनी हातात कागद वगैरे काही घेतलं नव्हतं, फक्त मान वर करून पाहिलं.

"तो लांबडा," ते म्हणाले.

मी पुढं झालो. "साहेब, बाराला मामा औटपोस्टात होता. आम्ही सगळे होतो. अकराला अंगठा आहे वहीत, आणि सव्वाबारापर्यंत आम्ही तिथंच. मळा तिथून सात मैल आहे. जमादारसाहेबांना विचारा."

फौजदारांनी मागं पाहिलं. जीपच्या मागच्या बाकावर इंगवले बसले होते.

"कसली वही, इंगवले?"

इंगवल्यांनी आपल्या बुटांकडं पाहिलं. "वही... न्हाई साहेब. अशी वही कशी आसंल? कायदाच न्हाई तर."

मामाला मामीनं भाकरी बांधून दिली. ती फौजदारांनी तपासली.

चार महिने मामा तालुक्याच्या सबजेलात होता. गुन्हा शाबित झाला तर सात वर्षं तरी जातील, असं आम्हाला सरकारनं मोफत दिलेले वकील केळुसकर म्हणाले. मोफत असल्यानं ते खरंच सांगायचे. मामी दर गुरुवारी आठ मैल चालत जाऊन यायची. धाकटी पोरगी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

"वही नाही म्हणतात," केळुसकर म्हणाले. "बाकी सात साक्षीदार तुमच्याच वस्तीतले, त्यांना कोर्ट काय किंमत देणार? पण तो टीव्हीचा मुद्दा बरा आहे. तालुक्यात तुमच्या बाजूला दुसरा टीव्ही नाही. त्या दिवशी काय पाहिलं ते तहसीलदारनं बारकाव्यानिशी सांगावं. बारकावेच माणसाला वाचवतात."

मी दोनदा सबजेलात गेलो ते मामाला खरा भाग सांगायला. दोन्हीदा तसाच परत आलो. कारण गजांमागून मामाच आधी सांगायचा, "भाच्या, आतल्या सगळ्यांना सांगितलं मी. थडग्यात दगड! एकजण तर हसून हसून लोळला. खुनाचा आरोपी हाय, चांगला माणूस." आणि मग आवाज खाली आणून, "राजीनाम्याचं सांगितलं तवा मातर कुणी हसलं न्हाई." ह्यावर मी काय बोलणार होतो? आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, कोर्टात कोण बसलंय घोडेवाले बघणारं! टीव्ही आमच्याशिवाय आणखी कुणी बघत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षांच्या माणसाला असं वाटतं, आणि तो बी. ए. करत असला तर जास्तच.

न्यायाधीश सबनीसबाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. इंगवल्यांची साक्ष सकाळीच झाली. औटपोस्टात अशी हजेरी होत नाही, वही नाही, त्या रविवारी आरोपी तिथं आलाच नव्हता, हे त्यांनी शपथेवर, एका दमात, खिडकीकडं बघत सांगितलं आणि ते बाहेर शेंगदाणे खायला गेले. मग बाईंनी मामाला विचारलं.

"नाव?"

"तहसीलदार."

"हुद्दा नाही विचारला. नाव."

"तेच नाव हाय बाईसाहेब. हुद्दा आरोपी."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहून घेतलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

मामानं सांगितलं. पिंजऱ्याचा कठडा धरून, पुरा तपशील. कोरडी विहीर, लंगडा घोडा, मार्शलचा निरोप, खोटा गोळीबार, थडग्यातले दगड, राजीनाम्याचं ते वाक्य शब्दन् शब्द. भोंगा वाजला तेव्हा मार्शल टोपी काढून उभा होता, हेही. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि बाईंचा चेहरा बघत होतो. पहिल्यांदा त्यांच्या भुवया वर गेल्या. मग लेखणी थांबली. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"तहसीलदार," त्या म्हणाल्या, "ही मालिका माझा मुलगा बघतो. त्याच्याबरोबर मलाही बघावी लागते. विहीर होती, खरं आहे. घोडा होता. पण ती टोळी त्या भागात मेली. सगळेच्या सगळे. मार्शलनं राजीनामा वगैरे दिला नाही."

"दिला बाईसाहेब."

"नाही दिला. तुम्हाला कुणीतरी अर्धवट गोष्ट पढवलेली दिसते."

सरकारी वकिलांनी हसू दाबलं नाही. केळुसकरांनी कागद चाळायला घेतले, जणू मार्शलचा राजीनामा त्यांतच कुठं तरी असावा. मामानं वळून माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. वाटाड्या चुकला की मागचा माणूस पाहतो तसं.

मी उभा राहिलो.

"मॅडम, गोष्ट मी पढवली. मीच सांगायचो इंग्रजीचं मराठीत. त्या दिवशी खोटं सांगितलं."

"तुम्ही कोण?"

"आरोपीचा भाचा. बचावाचा साक्षीदार नंबर एक." केळुसकरांनी मान डोलावली, त्यांनाही ते नव्यानं कळलं होतं.

साक्षीच्या पिंजऱ्यात मी सगळं सांगितलं. टोळी मेली. थडग्यात दगड नव्हते. घोडे कुणी नेले नाहीत, आणि लंगड्याला तर त्यांनी वाटेतच गोळी घातली होती, ते पडद्यावर दिसलं नव्हतं, नुसतं बोलण्यात आलं होतं. हे सांगताना मामाकडं पाहायचं मी टाळलं. तरी कठड्यावरचे त्याचे हात दिसत होते. लंगड्या घोड्यापाशी ते सुटले.

सरकारी वकील उठले. त्यांना सोपं काम फार दिवसांनी मिळालं होतं.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"त्या दिवशी बोललो."

"पोलिसांसमोर?"

"पोलिसांनाच सांगत होतो."

"आणि आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं? तुम्ही कॉलेजात शिकता, गावात टीव्ही आहे, गोष्ट रचणं तुम्हाला जमतं हे तुम्हीच सांगितलंत. मामाला वाचवायला आज सकाळीसुद्धा एक रचली असेल."

"असेल," मी म्हणालो. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या मामावरही नको. जमादारांवर ठेवा."

"काय?"

"मॅडम, हा भाग भारतात सगळ्यांनी एकच पाहिला. टोळी मेली तो. टोळी सुटली तो भाग फक्त एका खोलीत झाला, आणि फक्त एकदा. त्या खोलीत जे होते त्यांनाच तो माहीत. जमादारसाहेब बाहेर शेंगदाणे खातायत. त्यांना बोलवा आणि विचारा, मार्शलचं काय झालं."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. मालिकेचा खटल्याशी काय संबंध, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी हरकत लिहून घेतली आणि शिपायाला म्हणाल्या, "इंगवल्यांना बोलवा. आणि कुणीही त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही."

इंगवले मिशांवरची टरफलं झटकत आत आले.

"जमादार, तुम्ही अजून शपथेवर आहात. त्या रविवारी बाराच्या सुमाराला कुठं होता?"

"औटपोस्टात, ड्युटीवर."

"काय करत होता?"

"टीव्हीची... देखभाल, साहेब."

"म्हणजे बघत होता."

"देखभाल करताना दिसतंच साहेब."

"एकटे?"

"आमी आन् लोंढे शिपाई. पर लोंढे छपरावर व्हता, काठी फिरवत. तवा एकटाच म्हना."

"मालिका इंग्रजी. तुम्हाला इंग्रजी कळतं?"

मी त्या क्षणी इंगवल्यांना ओळखत होतो तेवढं त्यांची बायकोही ओळखत नसेल. कळत नाही म्हणाले असते तर सुटले असते. भरलेलं कोर्ट, समोर शिकलेल्या बाई, कोपऱ्यात फौजदार. इंगवल्यांनी छाती पुढं काढली.

"कळतं की. तेवढं कळतं."

"मग सांगा बरं, त्या दिवशी काय झालं? मला आठवेना."

आणि इंगवल्यांनी सांगितलं. सुरुवातीला साक्ष दिल्यासारखं, मग हळूहळू रंगून. बँकेचा मालक, त्याच्या मिशा. "पयल्यापास्नं संशय व्हता मला." विहीर. हळूच दिलेला निरोप. गोळीबार खोटा. "आमच्या खात्यात इतका डोकेबाज मानूस न्हाई साहेब." थडग्यात दगड, पाखरं सीमेपार. "घोडे बी नेले. लंगडं सुद्धा सोडलं न्हाई. तेवढ्यात भोंगा झाला आन् मार्शल बघा, असा टोपी काढून..." त्यांनी स्वतःची टोपी काढून दाखवली. ती परत घालायचं त्यांना भान राहिलं नाही. "मंग कचेरीत जाऊन बिल्ला काढला, पुसला आन् म्हणाला..." त्यांनी टोपी छातीशी धरली. "म्हणाला, ज्या गावात चोरी व्हायच्या आधीच चोर ठरलेला असतो, त्या गावचा मार्शल मला व्हायचं नाही."

एक शब्द इकडचा तिकडं नव्हता.

इंगवले पुढं म्हणाले, "फुडल्या रविवारी पुन्हा बिल्ला लावलेला दिसला. म्हंजी राजीनामा मंजूर झाला नसणार. वरनं करत न्हाईत."

"जमादार," बाई अगदी हळू म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

इंगवल्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना मी दिसलो, साक्षीदारांच्या बाकावर. मग मामा. मग फौजदार. टोपी हातातच होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मला वाटतं, माझ्या ओळखीत त्यांनी दिलेली सगळ्यांत खरी साक्ष तीच.

निकाल आठ दिवसांनी लागला. मामा सुटला. निकालपत्रात बाईंनी लिहिलं की एकच चुकीची गोष्ट दोन माणसांना शब्दशः तशीच आठवते, याचा अर्थ ती त्यांनी एकाच तोंडून ऐकली असली पाहिजे, म्हणजे भोंगा वाजताना आरोपी औटपोस्टातच असला पाहिजे. पुढं मी पोटासाठी सरकारी भाषांतरकाराची नोकरी केली, एकतीस वर्षं. तिथं मूळ मजकुराशी प्रामाणिक राहिलो. त्याचा कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.

सबजेलातून मामाला घेऊन आम्ही चालत वस्तीकडं निघालो. मामी पुढं, पोर काखेत. ओढा ओलांडल्यावर मामा थांबला.

"सगळे मेले?"

"सगळे."

"लंगडा बी?"

"तो आधीच."

मामानं खाली पाहिलं. ओढ्याच्या ओल्या वाळूत कसले तरी ठसे होते, ते त्यानं सवयीनं वाचले. मग म्हणाला, "न्हाई. त्या बाईंच्या टीव्हीत काय दिसलं ते दिसू दे. आमच्यात राजीनामा दिला."

"मामा, अरे..."

"जमादारानं शपथेवर सांगितलंय. कोर्टात. टोपी काढून."



मामा आत होता ते चार महिने इंगवल्यांनी हजेरी बंद ठेवली होती, आता ती पुन्हा चालू झाल्याचा निरोप आला. पण त्या रविवारी अकरा वाजले आणि वस्तीतून कुणी निघालं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मामा पालासमोर तितराचे फासे विणत बसला होता, त्याच्याकडं बघून बाकीचेही बसले. सव्वाअकराला सायकल आली. इंगवले एकटेच होते. सायकल बाभळीला लावून, घाम पुसत ते उभे राहिले. कुणी उठलं नाही. चार महिन्यांपूर्वी उठलो असतो.

"आरं, वाजले किती बघा," ते म्हणाले.

"कशाचे?" मामानं फाशाची गाठ ओढली.

"हजेरीचे."

"वही आणलीय?"

इंगवल्यांनी सायकलच्या रिकाम्या कॅरिअरकडं पाहिलं.

"वहीबिगर हजेरी कशी घेणार साहेब? आन् वही तर न्हाईच. तुमीच सांगितलं शपथेवर. आता आमी आलो, अंगठं दिलं, तर तुमची साक्ष खोटी पडंल. तुमास्नी तरास नको."

मागं कुणीतरी खाकरलं. मग दुसरं. खिडकीबाहेर खाकरायचे तसेच, पण आता मध्ये भिंत नव्हती.

इंगवल्यांनी सायकल धरली. वळली. चार पावलं गेले आणि थांबले. माझ्याकडं बघून, एकदम निराळ्या आवाजात म्हणाले, "बीए, आज शेवटचा भाग हाय रं. चार म्हैनं झालं, कोन काय बोलतंय, काय बी कळंना. तेवढं सांगायला तरी..."

मी मामाकडं पाहिलं. मामानं फासा उचलून उजेडात धरला, गाठ नीट बसली का ते पाहिलं.

"त्यात काय सांगायचं साहेब," तो म्हणाला. "तुमास्नी इंग्रजी कळतं की."